फुकटातला व्यायाम

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ती राहायला आली तेव्हा माझी धाकटी मुलगी दीड वर्षाची झाली होती आणि माझं पोट मात्र अजून सातवा महिना असल्यासारखं दिसत होतं. दंडही असे भरले होते की लग्नातला एकही ब्लाऊज कोपराच्या वर चढेना. शिंप्याकडे गेले तर त्यानं बाही उलटी करून दाखवली. म्हणाला, "वहिनी, शिवणीत माया होती तेवढी मागच्या वेळीच सोडली. आता नवीनच शिवा."

नव्वदचं दशक संपत आलं होतं. गंगापूर रोडला आमच्यासारख्या चारमजली इमारती एकामागून एक उभ्या राहत होत्या. आमच्या गच्चीवरून मागच्या बाजूला द्राक्षांचे मांडव दिसायचे, दर वर्षी थोडे कमी. दुपारी केबलवर पोट कमी करायचे पट्टे आणि यंत्रं दाखवायचे. आधी एक जाडी बाई, मग तीच बाई बारीक. मी ते बघत बसायची आणि त्या दोन्ही बाया वेगळ्या आहेत हे नाकावरून सिद्ध करायची. आमचे हे म्हणायचे, "तू पोलिसात हवी होतीस."

संशय माझ्या अंगातच आहे. माझं माहेर देवळ्याचं, घरचा कांदा. माझे वडील बाजारात व्यापाऱ्याच्या तोंडाकडं बघायचेच नाहीत. "लय गोड बोलतो ना, त्याचा काटा बघ आधी," असं म्हणायचे. "फुकाट चहा पाजतो, त्याचा तर दोनदा बघ." ही शिकवण मी शहरात आले तरी सोडली नाही, आणि त्या वर्षांत तिचा उपयोगही फार झाला. तेव्हा कुणीही ओळख काढून घरी बोलवायचं, पोहे खायला घालायचं, आणि पोहे संपले की कागदावर गोल काढायला लागायचं. हा गोल तुम्ही, त्याच्याखाली हे तुम्ही जोडलेले दोन गोल, त्यांच्याखाली चार. शेवटी हातात साबण नाहीतर शक्तीची पावडर. अशा किती घरांतून मी पोहे खाऊन, गोल बघून, काही न घेता परत आले होते.

त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरची ती नवी मुलगी दारात उभी राहून, "ताई, दुपारी चारला माझ्याकडे येत जा ना. पोटाचे, दंडाचे व्यायाम शिकवते. घरच्या घरी, काही सामान लागत नाही," असं म्हणाली तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "किती घेणार?"

"काही नाही. पैसे कशाला?"

तिथंच माझे कान टवकारले.

ती चोवीस-पंचवीस वर्षांची होती. नांदगावकडची. शाळेत असताना तालुक्याच्या संघातून कबड्डी खेळलेली, असं तिनंच सांगितलं. उंच, सडपातळ, पोट नावालाही नाही. मूलबाळ नव्हतं. नवरा गुजरातेत कुठल्याशा पाइपलाइनच्या कामावर होता, दोन-तीन महिन्यांनी चार दिवस येऊन जायचा. म्हणजे हिला स्वतःला व्यायामाची गरज नाही, पैसे नकोत, आणि तरी ही घरोघर फिरून बायका गोळा करते आहे. मी तळमजल्यावरच्या काकूंना म्हटलं, "काहीतरी विकणार बघा ही."

काकूंना साखरेचा त्रास होता, डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं आणि त्या चालत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "विकू दे गं. आपण घेतलं तर ना?"

तेव्हा आम्ही गेलो.

तिनं हॉलमधलं सगळं सामान भिंतीला सारून ठेवलं होतं. आम्ही आपापल्या सतरंज्या नेल्या. आठ-नऊ बायका, कुणी पंजाबी ड्रेसवर, कुणी गाऊनखाली परकर घालून. पाठीवर झोपून दोन्ही पाय जुळवून वर उचलायचे आणि जमिनीला न टेकवता हळूहळू खाली आणायचे. गुडघे दुमडून, हात छातीवर ठेवून, नुसत्या पोटाच्या जोरावर डोकं आणि खांदे उचलायचे. भिंतीपासून दोन हात लांब उभं राहून भिंतीवर तळवे टेकायचे आणि दंड काढायचे. सरबताच्या रिकाम्या बाटल्यांत पाणी भरून त्या कानामागून वर उचलायच्या, खाली आणायच्या. काकूंचे पाय वर गेले की त्यांना हसू यायचं, हसू आलं की पाय धप्पकन खाली पडायचे, आणि मग सगळ्याच हसायला लागायच्या.

ती शिकवायची मात्र मनापासून. आमच्यामधून फिरायची, पोटावर दोन बोटं ठेवून, "इथं, इथं ताण आला पाहिजे," म्हणायची. दुसऱ्या दिवशी मला शिंकतानासुद्धा पोट दुखलं.

पहिला आठवडा गेला. विकायचं काही निघालं नाही. मला चैन पडेना. एकदा पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेले आणि बेडरूममधल्या दिवाणाची चादर उचलून खाली बघितलं. खोकी होती. एक उघडून बघितलं, तर आहेराची भांडी. दुसऱ्यात रद्दी. बाहेर आले तर ती माझ्याकडेच बघत होती. "ताई, दंड राहिलेत तुमचे," एवढंच म्हणाली.

त्याच सुमारास तो पहिल्यांदा आला.

आम्ही सगळ्या पाठीवर पडून पाय उचललेले. कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज झाला आणि दार उघडलं. चाळिशी ओलांडलेला माणूस, कंपनीचा निळा शर्ट, हातात डब्याची पिशवी. एका क्षणात नऊ बायका उठून बसल्या, कुणी ओढणी शोधते, कुणी गाऊन खाली ओढते. तो उंबऱ्यातच थांबला, लाल झाला आणि, "असू द्या, नंतर येतो," असं म्हणून दार ओढून घेऊन गेला.

"माझे मोठे दीर," ती म्हणाली. "सातपूरला कंपनीत आहेत. पहिली पाळी सुटली की येतात बघायला, मी एकटी असते म्हणून." आणि लगेच पुढचा व्यायाम घ्यायला लागली. आवाज जरा चढला होता.

त्यानंतर तो आणखी दोन-तीनदा असाच आला आणि असाच परत गेला. पण मी गॅलरीतून बघितलं होतं, तो घरी जात नसे. रोज खाली पार्किंगमध्ये स्कूटरवर बसून राहायचा. आणि आमचा व्यायाम संपला की ही आमच्याबरोबर खाली यायची. कधी काकूंकडे भाजी निवडायला, कधी माझ्याकडे, "तुमच्या छोटीला बघायला आले," म्हणून. घराला कुलूप लावून. तो जिन्यात भेटला तर मान खाली घालून आमच्या मधून निघून जायची. स्वतःच्या घरात हिचा पाय ठरत नाही, असं माझ्या लक्षात आलं होतं. पण त्याचा अर्थ मी वेगळा लावला.

आणि मी एकटीच लावत नव्हते. इमारतीत कुजबुज सुरू झाली होती. माझ्या समोरच्या दारातली शेजारीण सकाळच्या शाळेत शिकवायची, दुपारी मोकळी असायची, तिला सगळं दिसायचं. ती म्हणाली, "दीर म्हणते. पण दिराला कुणी घराची किल्ली देतं का? नवरा तिकडं, आणि हा रोज हजर. आपल्याला बोलावते ना, ते दाखवायला. बायकांचं येणं-जाणं असलं की घर सोज्वळ दिसतं."

मला ते पटलं. फुकट व्यायामाचं कोडं एकदम सुटल्यासारखं वाटलं. आम्ही म्हणजे आड लावलेला पडदा. तरी मी जायचं थांबवलं नाही. एक तर ब्लाऊजची बाही खरंच सैल व्हायला लागली होती, आणि दुसरं म्हणजे मला हे पुरतं बघायचं होतं.

मे महिना आला. शाळांना सुट्ट्या लागल्या तशा बायका एकेक करून माहेरी निघाल्या. काकू लेकीकडे गेल्या. समोरची तिच्या गावी गेली. माझी थोरली मामाबरोबर देवळ्याला गेली होती, धाकटीला घेऊन मी पुढच्या आठवड्यात जाणार होते. मला वाटलं, आता वर्ग बंद. तर ती सकाळीच माझ्या दारात.

"ताई, आज याल ना?"

"मी एकटीच? राहू दे आता. जूनमध्ये बघू."

"एकट्या असलात तरी या. तुमच्याकडे नीट लक्ष देता येईल." आणि मग जरा थांबून, "तुम्ही तरी या."

हा आग्रह मला खटकला. म्हटलं, आज नक्की काहीतरी आहे. साबण असो की आणखी काही, आज बाहेर पडणार. धाकटीला कडेवर घेतलं, सतरंजी बगलेत मारली आणि चारला वर गेले.

आम्ही दोघीच. पंखा पूर्ण वेगात होता तरी घाम येत होता. धाकटी पाण्याच्या बाटलीशी खेळता खेळता सतरंजीच्या कडेला झोपून गेली. मी भिंतीला हात टेकून दंड काढत होते, ती शेजारी उभी राहून मोजत होती. किल्ली फिरली. तिचं मोजणं थांबलं.

तो आत आला. आज लाल वगैरे झाला नाही. हॉलभर नजर फिरवली, माझ्याकडे बघितलं, चपला काढल्या आणि खुर्चीत बसला.

"आज दोघीच का? चालू द्या, चालू द्या तुमचं."

मी ओढणी घेतली आणि खाली बसले. ती उभीच होती. दोन्ही हात पोटाशी धरलेले. ज्या मुलीनं महिनोन्महिने आम्हाला खांदे मागे, मान ताठ करायला लावली, तिचे खांदे गळून पुढे आले होते.

"चहा टाक," तो तिला म्हणाला.

ती हलली नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी अजून विसरलेले नाही. चोरी पकडली गेल्यावर माणूस असं बघत नाही. बाजारात खूप माणसं बघत मी लहानाची मोठी झाले, एवढं मला कळतं.

"मला पण टाक गं," मी म्हटलं. "थांब, मीच येते आत. आलं किसून देते."

दोघी आत गेलो. मी आलं किसलं, तिनं आधण ठेवलं. बाहेर येऊन चहा दिला. त्यानं तो बशीत ओतून सावकाश प्यायला. मग मला म्हणाला, "वहिनी, तुमच्याकडे स्वयंपाकाची वेळ झाली असेल."

"नाही."

"साहेब येतील ना घरी."

"त्यांच्याकडे किल्ली आहे," मी म्हटलं.

तो जरा हसला. "बाळ झोपलंय, खाली गादीवर नेऊन टाका. इथं फरशी गार लागेल."

"मे महिना आहे हो. गार बरंच आहे."

त्यानं वर्तमानपत्र उघडलं. मी तिच्याकडे निवडायला मटार मागितले. मे महिन्यात कुठले मटार, तिनं फ्रिजमधली गवार आणून दिली. आम्ही दोघी खाली बसून गवार मोडत राहिलो. शेंगेचा कट-कट आवाज आणि पंखा, बाकी काही नाही. दिवेलागण झाली तेव्हा तो उठला. दारात चपला घालताना तिला म्हणाला, "बोलतो मी त्याच्याशी फोनवर. घरात कोण येतं, कोण बसतं, काही धरबंद राहिलेला नाही."

दार लागलं. तिनं आतून कडी लावली आणि दाराला पाठ टेकून तशीच खाली बसली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"राहायला आले तेव्हापासून. हे घर त्यांनीच बघून दिलं. किल्ली तेव्हापासून त्यांच्याकडे आहे."

"कडी का लावत नाहीस आतून?"

"लावली होती ताई. तर बेल वाजवत बसायचे. मग यांना फोन केला, की तुझी बायको दिवसाढवळ्या कडी लावून बसते, आत कोण असतं कुणास ठाऊक. ह्यांनी मलाच विचारलं, दिवसा कडी कशाला लावतेस?"

"नवऱ्याला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. म्हणाले, दादा असं करणारच नाही. त्यानं मला वाढवलंय." तिनं गुडघे जवळ घेतले. "आधी नुसते बसायचे. मग स्वयंपाकघरात मागं येऊन उभे राहायचे. मग माझ्या पलंगावर जाऊन आडवे व्हायचे, पाळी करून दमलो म्हणून. एक दिवस हात धरला. मी झटकला. कबड्डीत कुणी हात धरला तर सोडवता येतो, शिकवतात. पण घरात…" तिनं वाक्य पुरं केलं नाही. "मग मला सुचलं, की चारला घरात बायका असल्या, आणि त्या अशा झोपलेल्या, पाय वर केलेल्या असल्या, तर कुठला पुरुष आत येऊन बसेल? मला येतं ते एवढंच. म्हणून तुम्हाला बोलावलं."

माझी मुलगी झोपेत कूस वळली. मला एकदम फार राग आला. त्याचा तर आलाच, पण माझ्या सगळ्या हुशारीचाही आला. इतके दिवस डोळे फाडून बघत होते आणि बघत कुठं होते, तर दिवाणाखाली.

"तुझ्या आई-वडिलांना?"

"सांगितलं तर येऊन घेऊन जातील. मग परत कोण पाठवणार? आणि लोक काय म्हणतील ते तुम्हाला माहीतच आहे."

मला माहीत होतं. लोक काय म्हणत होते हे मीच आदल्या आठवड्यात माझ्या गॅलरीत उभी राहून ऐकलं होतं.

मी त्या वर्षी देवळ्याला गेले नाही. आईला कळवलं की धाकटीला ऊन लागतं. रोज चारला ती माझ्याकडे येऊन बसायची, आणि मी विचार करत होते. कुलूप बदलणं सोपं होतं. पण तिनं बदललं असतं तर पुन्हा तोच प्रश्न आला असता, कुलूप का बदललं, आत कोण असतं? बदलायचं कारण तिच्या तोंडून यायला नको होतं.

जूनमध्ये बायका परतल्या तेव्हा मी काकूंना सगळं सांगितलं. समोरचीला अर्धंच सांगितलं, कारण तिच्या पोटात काही राहत नाही. पण तेवढं ऐकूनही ती म्हणाली, "आपण काय काय बोललो गं." मी म्हटलं, "ते आता असू दे." काकूंनी सोसायटीच्या सेक्रेटरींना घरी बोलावलं, त्यांना लाडू दिला आणि तोंड भरून तक्रार केली. आम्ही बायका व्यायामाला अशा अवस्थेत असतो, आणि परके पुरुष किल्ली लावून आत येतात, हे चालणार नाही. सेक्रेटरी इतके ओशाळले की त्यांना 'अवस्था' पुढे ऐकायचीच नव्हती. म्हणाले, "तुमचं तुम्ही काय ते कुलूप बदलून घ्या ना काकू."

मी मेन रोडला जाऊन कुलूप आणलं. दुकानदाराला तीनदा विचारलं की याची दुसरी किल्ली बाहेर बनते का. सुतारानं ते बसवलं. किल्ल्या दोनच, एक तिच्याकडे, एक काकूंच्या देवघरात.

पुढच्याच दुपारी आम्ही सगळ्या पाठीवर पडलेलो असताना कुलपात किल्ली घुसल्याचा आवाज आला. खुडबुड झाली. पुन्हा काढली, पुन्हा घातली. कुणीही पाय खाली टेकवले नाहीत, काकूंनीसुद्धा. मग बेल वाजली. मी उठले, साखळी लावली आणि दार तेवढंच उघडलं.

"किल्ली लागत नाहीये," तो म्हणाला.

"कुलूप बदललंय."

"कुणी?"

"सोसायटीच्या बायकांनी. सेक्रेटरींना विचारून. काही काम होतं का?"

त्याला माझ्या खांद्यावरून आत बघायचं होतं. मी हलले नाही. तो म्हणाला, "मी घरचा माणूस आहे."

"घरी बायकोला सांगा की मग. सणावाराला, जोडीनं या."

त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला भीती वाटली, हे खरं आहे. पण मागं आठजणी होत्या. तो जिना उतरून गेला. मी आत वळले तर ती उभी होती आणि म्हणाली, "चला, दुसऱ्यांदा. पाय वर." तिचा आवाज पहिल्यांदाच मोकळा वाटला.

आठ-दहा दिवसांनी संध्याकाळी माझ्या घरचा फोन वाजला. तिच्या नवऱ्याचा. नंबर त्याला भावानं दिला की तिनं, मला कळलं नाही.

"वहिनी, तुम्ही मोठ्या आहात, खरं सांगा," तो म्हणाला. "माझ्या मागं घरी कुणी येतं का?"

आमचे हे शेजारी बसून जेवत होते. त्यांनी हातानं खूण केली, आपण मध्ये पडायला नको. मी त्यांच्याकडे पाठ केली. मग म्हटलं, "येतं. तुमचे दादा येतात. रोज, पहिली पाळी सुटली की. तुमची बायको त्यांच्या भीतीनं आम्हाला घरात गोळा करून बसते."

पलीकडून फोन ठेवला गेला. ह्यांनी मला म्हटलं, "दुसऱ्याच्या घरात तू आग लावलीस." मी म्हटलं, "आग आधीच होती. धूर मला दिसला."

श्रावणात तिचा नवरा आला. आला तसा बायकोला घेऊन माझ्याकडे बसायला आला. बारीक चणीचा, उन्हानं रापलेला मुलगा. मला तो वाईट वाटला नाही, नुसता दमलेला वाटला. बायकोसमोर त्यानं मला विचारलं, "तुम्ही स्वतः काय बघितलं?"

मी बघितलं तेवढंच सांगितलं. आला, बसला, चहा मागितला, मला जायला सांगितलं, मी गेले नाही, दिवेलागणीपर्यंत बसला.

"एवढंच?"

"मी उठून गेले असते तरी मला आणखी काही दिसलं नसतं, तिला मात्र भोगावं लागलं असतं. म्हणून एवढंच."

त्यानं मान खाली घातली. ती त्याच्या शेजारी ताठ बसली होती. तिनं त्याच्याकडे एकदाही बघितलं नाही.

महिन्याभरात ते दोघं गुजरातेत गेले. साइटवर बायकोला ठेवायला जागा नाही असं तो लग्नापासून सांगत होता, ती जागा आता अचानक निघाली. ती आधीपासून होती की नवी मिळाली, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला तो अजून तिथंच आहे. टेम्पो भरताना तिचा दीर आला नव्हता. आम्ही सगळ्याजणी खाली उभ्या होतो. काकूंनी तिची ओटी भरली. तिनं आम्हाला एकेक व्यायाम पुन्हा सांगितला, श्वास कधी घ्यायचा, कधी सोडायचा, जणू परीक्षाच होती.

वर्ग पुढे माझ्या हॉलमध्ये काही दिवस चालला. मग दिवाळीची साफसफाई आली, मग फराळ आला, आणि मग कुणी सतरंजी काढली नाही.

ती मला पुन्हा भेटली ती पाच-सहा वर्षांनी, मेन रोडला, कापडाच्या दुकानासमोर. हाताला धरलेली एक मुलगी होती. ती स्वतः जरा भरली होती, चेहरा शांत होता. नणंदेच्या घरचं लग्न होतं, त्यासाठी आली होती. आम्ही शेजारीच उसाचा रस प्यायला बसलो.

"तुझे दीर असतील ना लग्नाला?" मी विचारलं.

"असतील. पाया पडावं लागेल, चारचौघांत. मी लांबून पडते. यांनी त्यांच्याशी बोलणं तोडलेलं नाही."

"मग तुझ्यावर विश्वास बसला का त्याचा शेवटी?"

तिनं ग्लासमधला बर्फ हलवला. "मी कधी विचारलं नाही, ताई. त्यांनी मला तिथं नेलं, एवढं केलं. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं."

मला आणखी विचारायचं होतं. पण तिची मुलगी रस सांडत होती, तिनं तिचा फ्रॉक पुसला. मग माझ्या दंडाला दोन बोटांनी चिमटीत धरून म्हणाली, "सोडलात ना व्यायाम?"

"सोडला."

"भिंत तर घरात आहे ना? तेवढं तरी करायचं."

मी तिला नांदगावच्या गाडीपर्यंत सोडायला गेले, आईकडे राहायला जाणार होती ती. गाडीला गर्दी होती. तिनं मुलीला खिडकीतून कंडक्टरच्या सीटवर आत बसवलं, स्वतः दारातून चढली, आणि गर्दीत दोन्ही दंडांनी वाट काढत मुलीजवळ पोचली. मला हात करायला तिला मोकळा हात नव्हता. तिनं मान हलवली. गाडी सुटली.